लांब दोरा

डॉक्टरांनी दोन्ही फोटो काचेवर लावले आणि मागचा दिवा लावला. एक्स-रेला आमच्याकडे फोटोच म्हणतात. एक फोटो जुना होता, दिवाळीच्या आधी काढलेला. दुसरा त्याच दिवशी सकाळी सांगलीत काढलेला.

शिवलीला, माझी बायको, खुर्चीतून पुढं वाकली.

"आवो, हे बघा की," ती मला म्हणाली. "माझं लिंग आलंय."

जुन्या फोटोत छातीवर, जरा एका बाजूला, लिंबाएवढा पांढराशुभ्र गोळा दिसत होता. आम्ही लिंगायत. लहानपणी गळ्यात बांधलेलं इष्टलिंग मरेपर्यंत अंगावेगळं करत नाही. शिवलीलाचं चांदीच्या डबीत होतं, तिच्या आजीच्या वेळची डबी.

"ह्या फोटोत मी हाय," ती म्हणाली. "त्या दुसऱ्यात कोण हाय कुणाला ठाऊक."

डॉक्टर हसले नाहीत. "हा आधीचा कुठं काढला?"

"आमच्या जतमध्येच," मी म्हणालो. "स्टँडजवळ."

त्यांनी जुना फोटो काचेवरून काढला, खिडकीच्या उजेडाला धरून बघितला आणि पाकिटात घालून ठेवला. मग आमच्या मुलीला, शैलश्रीला, म्हणाले, "आईला जरा बाहेर बसवून ये."

शैला परत आल्यावर त्यांनी सांगितलं. फुप्फुसात गाठ आहे, पसरलेली आहे, ऑपरेशनचा उपयोग नाही. औषधं लिहून देतो. शैलानं दोन-तीन प्रश्न विचारले. मला एकही सुचला नाही. आमची पिठाची गिरणी आहे. शिवलीला वर्षभर खोकत होती तेव्हा सगळ्यांना वाटायचं पिठानं होतंय. तिलाही तसंच वाटायचं.

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली होती. कवठेमहांकाळ गेलं तरी काही विचारलं नाही. मग म्हणाली, "आज सकाळी मी दोन मिनिटं मेले होते."

मी तिच्याकडं बघितलं.

"त्या माणसानं लिंग काढायला लावलं नव्हं का. काढल्याबिगर फोटो न्हाई म्हणाला. शैलाच्या हातात दिलं मी. जन्मात पहिल्यांदा."

"आता परत घातलंस की."

"घातलं. पर घरी गेल्यावर पूजा करूनच जेवणार." थोड्या वेळानं म्हणाली, "काय म्हणाले डॉक्टर?"

"गाठ आहे म्हणाले."

"असू दे." तिनं पदर सारखा केला. "बरी झाले की चेहऱ्याचा फोटो काढू. स्टुडिओत जाऊन, दोघांचा. एवढे फोटो काढून घेतले, एकात तोंड न्हाई."

श्रावण संपायच्या आत ती गेली.

शैला तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षात होती. आई गेल्यावर महिनाभर ती घरीच राहिली, आणि एका सकाळी भाकरी थापता थापता म्हणाली, "आप्पा, मी कॉलेज सोडणार. मला एक्स-रेचं शिकायचंय."

"डॉक्टरचं?"

"नाही. फोटो काढायचं."

मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू. फोटो काढायचं शिकायचं म्हणजे लांब जायला नको असं मला वाटलं. घरात आम्ही दोघंच उरलो होतो. संध्याकाळी गिरणी बंद करून आलो की चुलीशी कुणीतरी आहे, एवढंच मला हवं होतं. ती असली की घर चालल्यासारखं वाटायचं.

शिवलीलाचा भाऊ, गुरुलिंग, खताचं दुकान चालवतो. त्याच्या कानावर गेलं तसा तो दुसऱ्याच दिवशी आला. "दाजी, काम झालं समजा. आपल्या तेलसंग सरांचा क्लास आहे की. एका वर्षाचा कोर्स. घरातनं जायचं, घरात यायचं. उद्याच जाऊ."

क्लास कापडदुकानाच्या वर होता. सरांनी आम्हाला थंड पाजलं. बोलायला गोड माणूस. भिंतीवर मशीनचं मोठं रंगीत चित्र होतं आणि कोपऱ्यात प्लायवूडचं केलेलं एक मशीन, चाकांसकट.

"एक वर्ष," सर म्हणाले. "पुढच्या वर्षी या टायमाला मुलगी कामावर. पांढरा कोट, एसी खोली. उन्हातान्हाचं काम नाही."

"आणि भाकरीला घरी," गुरुलिंग म्हणाला.

"खरं मशीन कुठंय सर?" शैलानं विचारलं.

"मशीन काय गं, सगळीकडं सारखंच. शेवटी शेवटी पाठवतो आम्ही सेंटरवर हात बसायला. स्टँडजवळचं सेंटर माहितेय ना? तिथला पोरगा आमच्याच क्लासचा."

स्टँडजवळचं सेंटर आम्हाला माहीत होतं. शिवलीलाचा पहिला फोटो तिथंच काढलेला. गावातल्या डॉक्टरांनी 'छातीचा फोटो काढून आणा' म्हणून सांगितलं, तर ही इरकल नेसून, ठसठशीत विभूती लावून, गजरा माळून निघाली. तो पोरगा म्हणाला, "काकू, ह्यात तोंड येत नाही." तर म्हणाली, "मग आधी सांगायचं न्हाई व्हय? गजरा फुकट गेला." तो हसला. चांगला पोरगा होता. तिला धाप लागलेली बघून त्यानं स्वतःची खुर्ची दिली. गळ्यातलं काढा म्हणाला, ही नाही म्हणाली, तर हट्ट केला नाही. "राहू द्या काकू," म्हणाला. बाहेर आल्यावर शिवलीला मला म्हणाली होती, "वळण असावं तर असं."

हे सगळं माझ्या मनात येत होतं तेवढ्यात शैला म्हणाली, "सर, एक विचारू? छातीचा फोटो काढायचाय आणि बाई गळ्यातलं लिंग काढत नाही. मग काय करायचं?"

"सांगायचं, काढा म्हणून."

"नाही म्हणाली तर?"

"परत सांगायचं."

"तरी नाही म्हणाली."

सर गुरुलिंगकडं बघून हसले. "तुमची भाची वकील व्हायची. अगं, मग दोनच रस्ते. दरडावून काढायला लावायचं, नाहीतर आहे तसा काढायचा. बाहेर लाइन लागलेली असते. आपलं काम काढायचं, वाचायचं काम डॉक्टरचं. आणि आता गळ्यात घालतंय कोण? मी पण लिंगायतच. माझं देव्हाऱ्यात असतंय."

"सुटसुटीत," गुरुलिंग म्हणाला.

शैलानं मान डोलावली. थंड पिऊन संपवलं, बाटली खाली ठेवली. मला वाटलं, ठरलं.

खाली उतरल्यावर गुरुलिंग म्हणाला, "सोमवारी नाव घालून टाकू."

"मामा, मला सोलापूरचं बघायचंय," शैला म्हणाली.

"सोलापूरचं काय?"

"तिथं सरकारी दवाखान्यात शिकवतात. तीन वर्षं. डिग्री."

"तीन वर्षं?" गुरुलिंग रस्त्यातच थांबला. "बटण दाबायला तीन वर्षं? आणि तुझ्या बापाला भाकरी कोण घालणार, बटण?"

"आप्पांना विचारा."

दोघं माझ्याकडं बघायला लागले. मला सांगता आलं असतं की नको, इथंच शीक. ती ऐकणारी होती. पण भर रस्त्यात मला ते बोलवेना. "बघून यायला काय जातंय," मी म्हणालो. मनात होतं की तिथली गर्दी, वास, रडारड बघितल्यावर तिचं तीच नको म्हणेल.

गर्दी होतीच. एक्स-रेच्या खोलीबाहेर लांब बोळ, दोन्ही बाजूंना बाकं, त्यांवर माणसं. कुणाचा हात गळ्यात, कुणी स्ट्रेचरवर. दारावर लाल दिवा लागायचा, विझायचा. आतून आवाज यायचा, "श्वास घ्या, धरा, हलू नका, सोडा." मग दुसरं नाव पुकारायचे.

दारातून एक बाई बाहेर आल्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, पांढरा कोट, डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल. शैला पुढं गेली. "मॅडम, मला इथं शिकायचंय."

"प्रवेश वर ऑफिसात. इथं फोटो."

"नुसतं काम बघायचंय."

"काम बघायची वस्तू आहे? सर्कस आलीय?" बाईंनी तिला खाली-वर बघितलं, मग मला. "वडील काय? बसा त्या बाकावर. लाल दिवा लागला की दाराजवळ फिरकायचं नाही. आणि मधे मधे प्रश्न नको."

आम्ही बसलो. त्यांच्या कोटावर नाव होतं, नदाफ. त्यांच्या हाताखाली चार-पाच शिकणारी पोरं-पोरी होती. एक पोरगं हाताचा फोटो घेऊन आलं, तर मॅडमनी तो बघून विचारलं, "अंगठी कुणाची?" पोरगं म्हणालं, "पेशंटची." मॅडम म्हणाल्या, "मला वाटलं तुझा साखरपुडा झाला. जा, परत काढ." बोळातली माणसं हसली, हात गळ्यात अडकवलेला माणूससुद्धा.

शैला हसली नाही. ती सगळं बघत होती. एका म्हाताऱ्याला उभं राहवत नव्हतं, त्याला दोघांनी कसं धरलं, काखेत हात कसा घातला, ते ती मान वाकडी करून बघत होती. शिवलीला भिशीच्या बायकांकडं नवीन टाका बघून यायची तेव्हा असंच बघायची.

माझ्या शेजारी एक आजीबाई बसल्या होत्या. अक्कलकोटकडच्या, कपाळावर विभूतीचे पट्टे. बरोबर मुलगा होता. शिकणारी एक पोरगी त्यांच्याजवळ आली.

"आजी, आता तुमचा नंबर. गळ्यातलं काढून ह्यांच्याकडं द्या."

आजींनी छातीवर हात ठेवला. "जीव काढ. लिंग न्हाई काढत."

"आई, दोन मिनिटाचं काम आहे," मुलगा म्हणाला.

"दोन मिनिटानं काय, मेलेलं माणूस थोडं मेलेलं असतंय व्हय?"

शैलानं माझा हात धरला. पोरगी गोंधळून दाराकडं बघायला लागली.

"काढू नका आजी," आतून आवाज आला. नदाफ मॅडम बाहेर आल्या. "काढा म्हणालं कोण? वैशाली, तू म्हणालीस? परवा काय शिकवलं?"

वैशालीनं जीभ चावली.

"आणि तसाच काढला तर? त्या डबीच्या मागं काय दडलंय ते डॉक्टरला कसं दिसणार? त्याचे डोळे काय चांदीतनं आरपार जातात? जा, रीळ आण."

वैशालीनं ड्रॉवरमधून पांढऱ्या जाड दोऱ्याचं रीळ आणलं. मॅडमनी हातभर, आणखी हातभर दोरा तोडला आणि आजींच्या मांडीवर ठेवला. स्वतः आजींच्या समोर खाली बसल्या.

"आजी, हा दोरा तुमच्या गळ्यातल्या शिवदाऱ्याला तुम्हीच जोडा. आम्ही हात लावत नाही. आधी नवी गाठ, मग जुनी सोडा. म्हणजे गळ्यातनं सुटलं असं होत नाही. लांब होऊ द्या, पार कमरेपर्यंत."

आजींनी सावकाश गाठ मारली. कुणी घाई केली नाही. बाहेर लाइन होतीच.

"आता डबी डाव्या तळहातावर घ्या. पूजेला घेता तशी. हां. तो हात असा कमरेशी ठेवायचा आणि छाती त्या पाटीला लावायची. गळ्यातलं गळ्यातच राहिलं, अंगाला लागून राहिलं, आणि फोटोतनं बाहेर गेलं. झालं का समाधान?"

आजींनी त्यांच्याकडं बघितलं. "आडनाव काय गं तुझं?"

"नदाफ."

"मुसलमान व्हय?"

"व्हय."

"मग तुला हे कुणी शिकवलं?"

"तुमच्यासारख्याच एका आजीनं," मॅडम उठत म्हणाल्या. "पण आधी तासभर भांडली माझ्याशी. चला, श्वास किती वेळ धरता बघू."

आजी डावा तळहात पुढं धरून आत गेल्या. दार लागलं. लाल दिवा लागला.

आमच्यात माणसाला जाळत नाहीत. मांडी घालून बसवून पुरतात. शिवलीलाला बसवलं तेव्हा स्वामींनी तिचं लिंग तिच्या डाव्या तळहातावर ठेवलं होतं आणि बोटं मिटली होती. नंतर माती पडायला लागली, तरी मी त्या हाताकडंच बघत होतो. त्या दिवसानंतर तो तळहात मला परत त्या बोळात दिसला.

मी उठून नळावर गेलो. तोंड धुतलं. बराच वेळ तिथंच उभा राहिलो. परत आलो तेव्हा आजी बाकावर बसून शिवदारा पुन्हा आखूड करत होत्या आणि शैला त्यांच्यासाठी दोऱ्याचं टोक धरून बसली होती.

निघताना शैलानं मॅडमना नमस्कार केला.

"ठरलं का काही?" मॅडमनी विचारलं.

"घरी विचारते."

"विचार. आणि नीट ऐकून जा. पहिलं वर्षभर नुसतं ट्रॉली ढकलायची, माणसं उचलायची, हाडांची नावं पाठ करायची. पाय दुखतात. निम्मी पोरं रडतात. मशीनला लगेच हात लावू देत नाही मी." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "हॉस्टेल चांगलं आहे. जेवण नाही."

दवाखान्यासमोर चहाचा गाडा होता. आम्ही उभ्यानं चहा घेतला. शैला पेल्यात बघत होती.

"आप्पा, तुम्हाला एक सांगितलेलं नाही."

"सांग."

"सांगलीचे डॉक्टर जुना फोटो उजेडाला धरून बघत होते, आठवतंय? तेव्हा मी त्यांच्या मागं उभी होते. नव्या फोटोत गाठ जिथं होती, जुन्या फोटोत नेमकं तिथं लिंग होतं. डबी सरकली होती जरा बाजूला. तिच्या मागचं काहीच दिसत नव्हतं."

चहावाला पेले विसळत होता. मी माझा पेला त्याला दिला.

"दिसली असती का तेव्हा?"

"मी विचारलं डॉक्टरांना. नंतर एकटी गेले होते तेव्हा. म्हणाले, सांगता येत नाही. असेल तर लहान असेल. नसेलही. म्हणाले, आता त्याचा विचार करू नकोस."

"त्या पोराला..."

"त्याला काय माहीत आप्पा? तो तर चांगलं वागला. त्याला तेवढंच शिकवलं होतं. आणि सांगलीच्या माणसानं काढलेला फोटो बरोबर आला, पण आई एसटीत काय म्हणाली ते तुम्ही ऐकलंत." तिनं पेला गाड्यावर ठेवला. "आई तरी काय करणार? तिला तिसरा रस्ता कुणी दाखवलाच नाही."

आम्ही स्टँडकडं चालायला लागलो. सोलापूर का जत, हे तिनं विचारलं नाही. मी नको म्हणालो असतो तर सोमवारी ती तेलसंग सरांकडं गेली असती, आणि संध्याकाळी चुलीशी दिसली असती. हे मला माहीत होतं आणि मला माहीत आहे हे तिलाही माहीत होतं.

जतची गाडी लागली होती. चढताना मी म्हणालो, "शैला, भाकरीला पाणी गार घ्यायचं का गरम?"

ती पायरीवरच थांबली. मागचा माणूस ओरडला, "ताई, चढा की वर."

"कढत घ्यायचं," ती म्हणाली. "आप्पा, जन्मभर पीठ दळलं आणि एवढं ठाऊक नाही?"

"मी दळलं. पुढचं तुझी आई बघायची."

जागा मिळाली तेव्हा ती खिडकीशी बसली आणि मंगळवेढा येईपर्यंत मला पीठ कसं मळायचं ते सांगत होती. मधेच डोळे पुसत होती आणि सांगत होती.

गुरुलिंग वर्षभर आमच्याकडं आला नाही. मग एकदा जेवायला आला, माझी भाकरी मोडून बघितली आणि म्हणाला, "दाजी, ही भाकरी का कौल?" आता तो दर अमावस्येला येतो, आणि बरोबर भाकरी घेऊन येतो.

शैला लातूरला एका मोठ्या दवाखान्यात आहे. तिच्या हाताखाली आता शिकणारी मुलं असतात. मी एकदा गेलो होतो तिचं काम बघायला. बोळातल्या बाकावर बसलो होतो. ड्रॉवरमध्ये रीळ आहे का, असं मी विचारलं नाही. तो ड्रॉवर तिनं आपणहून उघडून दाखवला.

घरी बाहेरच्या खोलीत शिवलीलासाठी मी भिंतीला खिळा मारून ठेवलाय. आधार कार्डावरचा तिचा फोटो मोठा करून आणला होता, पण शैला म्हणाली, "ही आई नव्हे," आणि मलाही ते पटलं. लग्नातला एक होता, त्यात तिची मान खाली आहे. दवाखान्याचे दोन आहेत, त्यांत तोंड नाही. स्टुडिओत जाऊन दोघांचा फोटो काढायचा होता, तो राहिला.